हौद्यात दिवा लावा, पण फ्यूज टाकूनच!

रात्री पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरताना मोबाईल दातात धरण्यापेक्षा हौद्यात एलईडी पट्टी लावलेली बरी, हे मलाही पटते. पण जोडणी बघितली की पोटात गोळा येतो. बॅटरीवरून वायर थेट हौद्यात, मध्ये फ्यूजच नाही! पत्र्याच्या भोकात वायर घासते, साल निघते, आणि गाडीचा पत्रा म्हणजेच अर्थिंग. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून आग लागत नाही असे थोडेच आहे? २४ वॅटच्या पट्टीला २ अँपिअर लागतात. ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कसलेच संरक्षण नसते. भोकाला रबर बसवा. स्विच केबिनमध्ये घ्या, आणि रस्त्याला लागताना दिवा बंद करा. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पांढरा उजेड मारू नका.