कायद्याचे पहिले वर्ष आणि आपली भाषा

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की माझ्या ऑफिसात दरवर्षी एक प्रश्न येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालक मुलाला किंवा मुलीला घेऊन येतात आणि संकोचाने विचारतात, “वकीलसाहेब, हिला कायद्याला घालायचे म्हणतो. पण शिक्षण मराठीतून झाले आहे. निभावेल का?” बहुतेकांना तोवर कोणी तरी सल्ला दिलेला असतो की, आता मराठी बाजूला ठेवा आणि दोन महिने इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावा. हा सल्ला हितबुद्धीचा असला तरी माझ्या मते तो चुकीचा आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षाची तयारी मराठी टाकून होत नाही. ती मराठीतूनच सुरू करावी लागते.

माझाच अनुभव सांगतो. मराठी शाळेत शिकून, पदवी घेऊन मी कायद्याच्या वर्गात बसलो. प्राध्यापकांनी भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २५ शिकवायला घेतले. ‘कन्सिडरेशन’ नसलेला करार, काही अपवाद सोडता, शून्य ठरतो, हा त्यातील नियम. शाळेत ‘कन्सिडर’ म्हणजे विचार करणे असे शिकलो होतो. त्यामुळे मी वहीत लिहून घेतले, ‘विचार न करता केलेला करार रद्द होतो.’ कायदा करणाऱ्यांच्या शहाणपणाचे मला मनोमन कौतुकही वाटले. परीक्षेत त्यावर दीड पान लिहिले आणि त्या प्रश्नाला एकही गुण मिळाला नाही.

त्या शब्दाचा कायद्यातील अर्थ ‘प्रतिफल’ आहे, म्हणजे एकाने दिलेल्या वचनाच्या बदल्यात दुसऱ्याने द्यायची वा करायची गोष्ट, हे मला पुढे एका मराठी पुस्तकातून कळले. ते कळताच जाणवले की ही कल्पना मला अनोळखी नव्हतीच. बैलाचा सौदा ठरताना वडील काय देत आहेत आणि त्याबदल्यात काय घेत आहेत, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. इसार, गहाण, वहिवाट, कूळ, जामीन, खरेदीखत, हुकूमनामा हे शब्द आमच्या सोप्यात बसूनच कानावर पडले होते. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला कायद्याच्या अर्ध्या कल्पना माहीत असतात. त्यांची इंग्रजी नावे तेवढी माहीत नसतात. हे त्याला वेळेवर कोणी सांगत नाही, आणि तो स्वतःला मंद समजू लागतो. पहिल्या वर्षी गळणारी आपली मुले बुद्धीने कमी पडतात, असे मला कधीच वाटलेले नाही. ती या गैरसमजाने खचतात.

असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. ‘एक्झिक्यूशन’ म्हणजे नेहमीच फाशी नव्हे. दिवाणी न्यायालयात ती हुकूमनाम्याची अंमलबजावणी असते. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, आणि ‘डॅमेजेस’ म्हणजे नुकसानभरपाई. ‘कन्स्ट्रक्शन’ हे इमारतीचे असते तसेच कलमाचेही असते, आणि तेथे त्याचा अर्थ अर्थान्वयन असा होतो. म्हणून प्रवेशापूर्वीच्या दोन महिन्यांत विद्यार्थ्याने एक वही घालावी आणि तिच्या पानावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी संज्ञा आणि तिसऱ्यात आपल्या गावातील एखादे उदाहरण. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर शब्द अजून समजलेला नाही असे मानावे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ यासाठी उपयोगी आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत राज्यकारभारातील संज्ञांचा बहुभाषी कोश सिद्ध झाला होता, हे तेथील मराठी वाचकांना ठाऊक असेलच. कायद्याची मराठी ही कालची नवलाई नाही.

दुसरी तयारी संविधानाची. ‘भारताचे संविधान’ मराठीत अधिकृतपणे उपलब्ध आहे. इंग्रजी प्रत शेजारी ठेवून रोज दोन-तीन अनुच्छेद वाचावेत. आपल्या मुलांनी प्रारंभ २९, ३०, ३५०, ३५०क आणि ३५०ख या अनुच्छेदांपासून करावा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी या तरतुदी १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, म्हणजे राज्य पुनर्रचनेच्या वेळीच, संविधानात आल्या. ज्या वर्षी आपली गावे मुंबई राज्यातून निघाली, त्याच वर्षीची ही कलमे आहेत. ती वाचताना विद्यार्थ्याला कंटाळा येणार नाही.

तिसरी तयारी न्यायनिर्णय वाचण्याची. लालमन शुक्ला विरुद्ध गौरीदत्त हा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९१३ चा निर्णय घ्यावा. घरातून निघून गेलेल्या पुतण्याचा शोध घेण्यासाठी मालकाने आपल्या मुनिमाला पाठवले. तो गेल्यानंतर मालकाने शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. मुनिमाला मुलगा सापडला. पण बक्षिसाची वार्ता तेव्हा त्याला नव्हती. पुढे त्याने दावा लावला आणि तो हरला, कारण जो प्रस्ताव माहीतच नव्हता त्याची स्वीकृती कशी होणार? वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, निर्णय आणि कारण अशी चार वाक्ये आधी मराठीत लिहावीत, मग इंग्रजीत. ज्याला मराठीत कारण सांगता येत नाही, त्याने इंग्रजीत केवळ पाठांतर केलेले असते.

इंग्रजी टाळा, असे मी म्हणत नाही. अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची भाषा, अन्य तरतूद होईपर्यंत, इंग्रजीच आहे. मात्र वकिलाला लागणारी इंग्रजी वाचनाची आणि लेखनाची आहे. ती संभाषण वर्गात मिळत नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात म्हणून फौजदारी कायद्याची पुस्तके डोळे झाकून घेऊ नयेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

आता जे लिहितो ते आपल्यातील काहींना रुचणार नाही. सीमाभागातील विधी विद्यार्थ्याने कन्नड वाचायला आणि लिहायला शिकलेच पाहिजे. आपला विरोध सक्तीला आहे, भाषेला नाही. शेताचा उतारा आज कन्नडमध्ये निघतो, तालुक्याच्या न्यायालयातील कामकाज कन्नडमध्ये चालते. तो उतारा ज्याला वाचता येत नाही, तो आपल्याच माणसाची जमीन कशी राखणार? त्याच जमिनीचे मुंबई राज्याच्या काळातील कागद मराठीत आणि त्याहून जुने मोडीत असतात, म्हणून मोडीही शिकावी. इंदूरच्या मुलाला हिंदी आणि बडोद्याच्या मुलाला गुजराती जितकी आवश्यक, तितकीच आपल्याला कन्नड. ही भर आहे, शरणागती नाही.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा अजून प्रलंबित आहे. मोर्चात घोषणा देणारे तरुण आपल्याकडे आहेत. पण मोडी दस्त, कन्नड उतारा आणि इंग्रजी निवाडा हे तिन्ही एका टेबलावर ठेवून वाचणारे किती आहेत? माझ्या पिढीत ते बोटांवर मोजण्याइतके होते आणि आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत.

म्हणून “निभावेल का?” असे विचारणाऱ्या पालकांना मी त्या मुलीसमोरच उत्तर देतो, “निभावेल. तिची मराठी मात्र तिच्याकडून काढून घेऊ नका.” आणि टेबलाच्या खणातील एक कोरी वही काढून तिच्या हाती देतो. पहिल्या पानावर तीन रकाने मीच आखून ठेवलेले असतात. पहिला शब्द असतो ‘कन्सिडरेशन’. पुढचे दोन रकाने तिने भरायचे असतात.