गाडी मालाची, जीव आमचा



दिवाळी झाली की सातपुड्यातून खाली उतरणाऱ्या रस्त्यांवर पिकअप आणि टेम्पो दिसायला लागतात. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा, कुठल्याही फाट्यावर उभं राहून बघा. मागच्या हौद्यात बाया, लहान पोरं, बोचकी, भांडी, कोयते. सुरत-बारडोलीकडच्या उसाला चाललेली ही आपलीच माणसं. बाजाराला तीच गाडी, लग्नाला तीच, दवाखान्याला तीच, अस्तंब्याच्या यात्रेलाही तीच. गाडी घाटात उलटली की पेपरात दोन ओळी येतात: चालकाचा ताबा सुटला. ताबा का सुटला, हे कोणी लिहीत नाही. ते आम्हाला लिहायचं आहे.

कंपनीतून पिकअप निघते तेव्हा ती मालासाठी बनवलेली असते. साधारण एक टन माल आणि केबिनमध्ये ड्रायव्हरसोबत एक-दोन माणसं, एवढाच तिचा हिशोब. मग ती तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात जाते. फाळक्यांवर लोखंडी पाइप जोडून पिंजरा उभा करतात. वर ताडपत्री. आडव्या फळ्या टाकून वरचा मजला करतात, खाली सामान आणि वर माणसं. टपावर कॅरिअर आणि मागे उभं राहायला लोखंडी पायरी. वजनानं गाडी बसू नये म्हणून पाट्यांत एक-दोन पट्ट्या जास्त घालतात. झाली आपली बस तयार!

पाट्याला पट्टी वाढवली म्हणून ब्रेक वाढत नाही, टायर वाढत नाही. चाळीस माणसं धरा. माणशी पन्नास किलो धरलं तरी दोन टन झाले, बोचकी वेगळीच. एक टनाच्या गाडीवर दोन टन, आणि तेही उंचावर. डोक्यावर दोन हंडे घेऊन उतारावर वळताना बाई किती जपून पाय टाकते! गाडीचंही तसंच आहे. वजन वर गेलं की वळणावर ती झुकते. पोतं बांधलेलं असतं, जागेवर राहतं. माणसं उभी असतात, ती सगळी एकाच बाजूला कलतात आणि गाडी त्यांच्याबरोबर जाते.

त्यात काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी इंजिनच बंद करतो. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत बंद होते, दोन-तीनदा दाबला की ब्रेक दगडासारखा कडक. गिअर नाही म्हणून सगळा भार ब्रेकवर येतो, तो तापतो आणि मग धरतच नाही. देवगोईच्या किंवा चांदसैलीच्या घाटात असं झालं तर खाली काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या कागदावर गाडी जशी लिहिली आहे, त्यात मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कलम 66 प्रमाणे ज्या कामाचं परमिट, तेच काम. कलम 123 प्रमाणे टपावर आणि पायरीवर माणसं बसवता येत नाहीत, आणि तिथं बसणाऱ्यालाही मनाई आहे. म्हणजे पिंजरा लावलेली, माणसं भरलेली पिकअप तिन्ही बाजूंनी बेकायदेशीर. ती दिवसाढवळ्या नाक्यावरून जाते. नाक्यावर थांबते, काहीतरी होतं, आणि पुढे जाते. गाडी पुढे गेली म्हणजे ती कायदेशीर झाली, असं समजू नका.

कारण खरा मार नंतर बसतो. गाडीला विमा असतो, ड्रायव्हर तो कागद दाखवतोही. पण तो विमा कोणाचा? सुप्रीम कोर्टाने 2002 साली आशा राणी खटल्यात सांगितलं, की मालवाहू गाडीत असेच प्रवासी म्हणून बसलेल्यांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही. 1994 च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस विम्यात धरला आहे. म्हणजे आमचूरचं पोतं घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला काही आधार आहे. पण तिथंही कोर्टात विचारतात, बाई केबिनमध्ये होती की मागे पोत्यावर? रिकाम्या हाताने बसलेल्या तिच्या बहिणीला तेवढंही नाही. मग राहतो गाडीमालक. त्याची गाडीच कर्जावर, अपघात झाला की फायनान्सवाला ओढून नेतो. पुष्कळदा तो आपल्याच पाड्यातला पोरगा असतो. त्याच्याकडून काय वसूल होणार?

तरी एवढं लक्षात ठेवा. 2022 पर्यंत कलम 140 प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही गाडीमालकाला मृत्यूसाठी 50,000 आणि कायमच्या अपंगत्वासाठी 25,000 रुपये द्यावे लागत होते, ते कलम आता नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायची सहा महिन्यांची मुदत 1994 ला काढून टाकली होती, पण 2022 पासून ती पुन्हा लागू आहे. म्हणून कोणी घरी येऊन दहा-वीस हजार पुढे केले आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर देऊ नका. आधी पोलिसांतल्या फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल घ्या.

साहेब लोक म्हणतात, एवढं कळतं तर बसता कशाला? मग आम्ही विचारतो, कशात बसू? एसटीच्या पाटीवर लिहिलंय रस्ता तिथे एसटी. आमच्याकडे जीप चढते, पिकअप चढते, आणि एसटीला तेवढा रस्ता अरुंद पडतो. जिथं येते तिथं दिवसातून एकदा, पावसाळ्यात तीही बंद. बाळंतपणाची बाई उद्याच्या बसची वाट बघू शकते का? आम्ही हौसेनं पिंजऱ्यात चढत नाही. नुसतं पिकअप पकडून दंड केला, तर ड्रायव्हर दंडाचे पैसे भाड्यात आमच्याकडूनच काढेल आणि माणसं अजून दाटून भरेल.

उसाच्या मजुरांची गोष्ट तर याहून वेगळी. तिथं गाडी आम्ही ठरवत नाही, मुकादम ठरवतो. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा 2025 पर्यंत लागू होता. त्यात परराज्यात पाच किंवा जास्त मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागत होता, मजुराला फोटोचं पासबुक द्यावं लागत होतं. त्याच्या कलम 15 प्रमाणे घरापासून कामापर्यंत जायचं आणि यायचं भाडं ठेकेदाराने द्यायचं होतं, प्रवासाच्या दिवसांची मजुरीसुद्धा द्यायची होती. मजूर मेला किंवा मोठा जखमी झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवायचं होतं. यातलं पासबुक कोणी बघितलंय? उलट गाडीभाडं उचलीत लावतात. आम्हाला माल समजून नेतात आणि भाडंही आमच्याकडूनच घेतात.

कोणी म्हणेल, जमिनीच्या लढाईत ही गाडीची गोष्ट कशाला? आम्ही म्हणतो, गोष्ट एकच आहे. नेवाड आपल्या नावावर नाही म्हणून विहीर नाही, कर्ज नाही, दुसरं पीक नाही. दुसरं पीक नाही म्हणून दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर आणि पिकअपची पायरी. दावा मंजूर झाला तर निदान काही घरं तरी त्या गाडीत चढणार नाहीत.

आणि रस्ता मागितला की ऐकायला मिळतं, जंगल खात्याची जमीन आहे, होत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) त्यांना दाखवा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि शिफारस ग्रामसभेची लागते. ग्रामसभेची म्हणजे आपली. दाव्यांसाठी ग्रामसभा भरतेच आहे, त्याच दिवशी रस्त्याचा ठराव लिहा.

आमचं म्हणणं असं आहे, गावागावांत यावर बोला:

एक, वरचा मजला केलेल्या गाडीत चढायचं नाही. टपावर आणि मागच्या पायरीवर कोणी नाही, पोरं तर अजिबात नाही. ड्रायव्हर आपला पाहुणा असला तरी नाही.

दोन, मुकादमाची गाडी गावातून निघण्याआधी गाडी नंबर, मुकादमाचं नाव-गाव, कारखाना आणि बसलेल्या प्रत्येकाचं नाव ग्रामसभेच्या वहीत लिहायचं. उद्या काही झालं तर हाच पुरावा.

तीन, टोळीसाठी बस मागायची. एसटी प्रासंगिक करारावर मिळते. चाळीस-पन्नास माणसांना एक बस पुरते, आणि पैसे द्यायचे मुकादमाने. एका पाड्याने मागितलं तर तो दुसऱ्या पाड्यात जाईल. सगळ्या पाड्यांनी मागितलं तर कुठं जाईल?

चार, यापुढे मोर्चाला, बैठकीला जातानाही हेच नियम. दहा माणसं कमी आली तरी चालेल, आलेली सगळी घरी पोचली पाहिजेत.

पाच, एसटी आगाराला, प्रांत साहेबांना आणि आरटीओला अर्ज करताना एकच अर्ज करू नका, तीन वेगवेगळे करा आणि प्रत्येकाची पोच घ्या. एक म्हणेल दुसऱ्याचं काम आहे, म्हणून पोच हातात पाहिजे.

होळीला माणसं परत येतील. जेवढी गेली तेवढी मोजून परत आली पाहिजेत. वही आजच काढा.

जिंदाबाद!