एक बुश, दोन बुश

गेला शनिवार-रविवार जालन्यात होतो. माझंच एक पाप निस्तरायचं होतं.

झालं असं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांची गाडी प्रत्येक स्पीड ब्रेकरवर कुरकुरत होती. जुन्या वाड्याचं दार उघडताना बिजागरी वाजते ना, अगदी तसा आवाज. आईला दर महिन्याला तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. तिनं त्या आवाजाचा धसकाच घेतला होता. मग काय, चिरंजीव पुण्याहून आलेत, संगणकवाले आहेत, त्यांनी दहा मिनिटं लॅपटॉपवर शोधलं आणि निदान केलं: बुश कोरडे पडलेत, ग्रीस लावा.

बाबांचे मेकॅनिक भोकरदन नाक्याच्या बाजूला असतात, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मी म्हटलं, "उस्ताद, पुढच्या सगळ्या बुशांना ग्रीस मारून द्या." ते म्हणाले, "साहेब, रबराला कोण लावत नाही, पण तुम्ही म्हणता तर लावतो." या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी ऐकलाच नाही. (ऑफिसात क्लायंट माझ्याशी हेच करतो तेव्हा मात्र मी चिडतो.) आवाज बंद झाला. दिवाळीभर मी हिरो.

फेब्रुवारीत बाबांचा फोन आला, कुरकुर गेली पण आता ठकठक येते. आणि मार्चची तपासणी ते दोघं एसटीनं जाऊन करून आले, हे मला महिन्याभरानं कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. सत्तरी ओलांडलेली माणसं, बस स्टँडवर दीड तास. बाबा काही बोलले नाहीत, पण मला जे कळायचं ते कळलं.

परवा उस्तादांनी स्टॅबिलायझरचं बुश काढून माझ्या हातात ठेवलं. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा रबराचा ठोकळा असतो, मधल्या भोकातून दांडा जातो. हे बुश चांगलंच फुगलं होतं आणि नखानं दाबलं की ठसा राहत होता. भोक सैल झालेलं. दांडा त्यात आपटायचा, तीच ठकठक.

कारण शाळेतल्या रसायनशास्त्राइतकं साधं आहे. गाड्यांचे बहुतेक बुश नैसर्गिक रबराचे असतात, कारण लाखो वेळा पिळलं तरी हे रबर लवकर फाटत नाही. पण नैसर्गिक रबर आणि खनिज तेल दोन्ही हायड्रोकार्बन, म्हणजे एकाच जातीचे. तेल रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचे रस्ते त्यामुळेच लाटांसारखे होतात. फुगण्याची कारणं वेगळी, पण गंमत बघा, आधी जमीन फुगून रस्त्यानं बुश खाल्लं आणि उरलेलं मी फुगवलं.

तुम्ही म्हणाल, मग लोक वर्षानुवर्षं गाडीच्या बुशांना ग्रीस देत आलेत ते काय उगाच? नाही. इथेच खरी गोम आहे. मराठीत काय, इंग्रजीत काय, 'बुश' या एकाच शब्दाखाली दोन पूर्ण वेगळ्या वस्तू राहतात. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जुन्या जीपच्या कमानपाट्यांत धातूचं बुश असतं आणि त्यात धातूची पिन फिरते. तिथे निपल असतं, गननं ग्रीस भरायचंच असतं, नाही भरलं तर पिन झिजते. दुसरं ते रबराचं. त्यातही लोअर आर्मचं बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हींना कायमचं चिकटवलेलं रबर. इथे काहीच घसरत नाही, रबर नुसतं पीळ खातं आणि परत येतं. जिथे घसरण नाही तिथे वंगणाचं काम काय? ते बुश वाजत असेल तर रबर फाटलंय किंवा सुटलंय. बदला, विषय संपला. प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टींना एकच नाव दिलं तर कंपायलर निदान ओरडतो तरी. गॅरेजमध्ये कोणी ओरडत नाही. उस्ताद एकदा हळूच बोलले होते, तेवढंच.

(जाता जाता: लोअर आर्मचं नवीन बुश बसवलं की बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी खाली उतरवून, चाकं जमिनीला टेकल्यावर. जॅकवर लटकत असताना कसला तर रबर चोवीस तास पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर जातं. तुमच्या गॅरेजमध्ये उभे राहून बघा.)

स्टॅबिलायझरचं बुश मात्र मधल्या गटात येतं. त्यात दांडा थोडाफार फिरतो, धूळ शिरते आणि कुरकुर होते. तिथे थोडं वंगण चालतं, पण रबराला सोसेल असं. आणि आता डब्याबद्दल बोलू, कारण माझा राग खरा त्याच्यावर आहे.

शनिवारी मी शहरातली चार-पाच स्पेअर पार्टची दुकानं हिंडलो. सगळीकडे एकच प्रश्न, "एपी थ्री देऊ का?" यातला तीनचा आकडा म्हणजे ग्रीस किती घट्ट आहे त्याची श्रेणी. पातळ ते घट्ट अशा नऊ श्रेणी असतात, २५ अंश सेल्सियसला एक ठरावीक शंकू ग्रीसमध्ये किती खोल रुततो यावरून त्या ठरतात. बेअरिंगसाठी ती माहिती महत्त्वाची आहेच. पण मला हवं होतं ते वेगळंच: आत तेल कुठलं आहे? कारण ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवलेला साबण, स्पंजात पाणी असतं तसं. रबराशी गाठ पडते ती त्या तेलाची. मी पाहिलेल्या डब्यांवर मोठ्या अक्षरात 'मल्टीपर्पज' होतं, रबराला चालतं की नाही याबद्दल एक ओळ नव्हती. औषधाच्या पाकिटावर आपण कोणी काय टाळावं ते वाचतो. ग्रीसच्या डब्यावर ही एक ओळ छापायला कितीशी शाई लागते?

आणि यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे एरंड. साध्या लिथियम ग्रीसमधला साबण बहुतेक वेळा एरंडेलापासूनच केलेला असतो. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून एक आम्ल काढतात आणि त्याचा लिथियमशी साबण करतात. म्हणजे डब्यात एरंड आहेच, पण भोवती तेल खनिज. याउलट ब्रेकच्या रबरी सीलांना लावतात ते लाल रबर ग्रीस एरंडेलासारख्या वनस्पती तेलावर बनतं, म्हणून नैसर्गिक रबराला ते बाधत नाही. कॅस्ट्रॉल या नावातसुद्धा एरंडच आहे, इंग्रजीतलं कॅस्टर. आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या आसाला एरंडेलच जायचं. तिथे रबर नव्हतं, पण असतं तरी आजोबा नापास झाले नसते. नातू झाला.

मला हवं होतं सिलिकॉन ग्रीस, कारण ते नैसर्गिक रबराला चालतं आणि पावसात लवकर धुऊन जात नाही. (पॉलियुरेथेनचे बुश बसवणाऱ्या हौशी मंडळींनाही हेच लागतं. आणि डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात ही ट्यूब घेऊन जाऊ नका, पत्र्याला त्याचा हात लागला तर रंग धरत नाही, पेंटर मारेल.) एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं प्रोसेसरला लावतात ती पांढरी पेस्ट पुढे केली. ती सिलिकॉनचीच असते, पण उष्णता वाहून नेण्यासाठी तिच्यात धातूच्या ऑक्साइडची पूड घातलेली असते, घासणाऱ्या जागी तिचं काम नाही.

शेवटी वैतागून नव्या मोंढ्याकडे चहाला थांबलो, तर शेजारी पाईपचं दुकान. सहज विचारलं. दुकानदार म्हणाला, "कशासाठी पाहिजे भाऊ? रबराच्या रिंगेला? मग ग्रीस लावूच नका, फुगते." मी बघतच राहिलो. पीव्हीसी पाईपच्या जोडात रबराची रिंग असते. पाईप सरकवायला लागणारी वेगळी ट्यूब त्यानं दाखवली. मोसंबीच्या बागेत पाईपलाईन टाकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तो हेच सांगतो म्हणे. जे मला गाडीच्या दुनियेत कोणी सांगितलं नाही (उस्ताद वगळून, कबूल) ते पाईपवाल्याला पाठ होतं. त्याची ट्यूब साबणाच्या जातीची, पाण्यानं जाणारी, म्हणून घेतली नाही. पण त्यानं एमआयडीसीकडच्या एका बेअरिंगवाल्याचा पत्ता दिला. तिथल्या कारखान्यांना हायड्रॉलिकच्या रबरी रिंगांसाठी सिलिकॉन ग्रीस लागतं. मिळालं. छोटी ट्यूब, दहा वर्षं पुरेल.

नव्या बुशांची जोडी दोनशे रुपयांच्या आत आली. उस्तादांनी दांडा पेट्रोलनं न पुसता साबणाच्या पाण्यानं धुतला, कोरडा केला, बोटाच्या टोकाएवढं ग्रीस आतून फिरवलं. मी विचारलं, "उस्ताद, दिवाळीत जरा जोरात का नाही बोललात?" ते हसले. "साहेब, तुमची गाडी, तुमचा पैसा. काका असते तर बोललो असतो."

रविवारी दुपारी आईला मागे बसवून बदनापूरपर्यंत चक्कर मारली. येताना ती झोपली.

निघताना बाबांना एक युक्ती सांगून आलो: पुन्हा कुरकुर झाली तर आधी त्या रबरावर सर्फचं पाणी फवारा. आवाज थोडा वेळ थांबला तर चोर तिथेच आहे, आणि पाण्यानं रबराचं काही बिघडत नाही. काल रात्री त्यांचा फोन आला. मागच्या डाव्या बाजूला काहीतरी वाजतंय, सर्फचं पाणी मारून झालं, आवाज जात नाही. "म्हणजे हे बुश नाही," ते म्हणाले. "तू लॅपटॉपवर बघू नको. मी उस्तादाला विचारतो."