अंगठा उमटवण्यापूर्वी

हृदयाचे ऑपरेशन म्हटले की आपण सर्जन कोण, एवढेच विचारतो. भूल कोण देणार, हे कोणी विचारत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इंग्रजी कागद पुढे येतो. "इथे सही करा." बाप सही करतो, आई अंगठा उमटवते. कागदात काय लिहिले आहे, हे विचारायची हिंमत होत नाही. न समजणाऱ्या कागदांवर आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे घेऊन सावकाराने जमिनी गिळल्या. डॉक्टर सावकार नव्हेत, ते जीव वाचवतात. पण म्हणून न समजलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती होत नाही.

झडपांचा आजार हा बहुधा गरिबांचा आजार आहे. दाटीच्या वस्तीत लहानपणी घसा सुजतो, औषध मिळत नाही, पुढे सांधे धरणारा ताप येतो आणि तो हृदयाची झडप खराब करून जातो. झडप बदलताना बहुतेक वेळा हृदय थांबवावे लागते. तेवढा वेळ रक्त फिरवण्याचे काम यंत्र करते. रक्तदाब, प्राणवायू, लघवी, रक्ताचे गोठणे यांवर भूलतज्ज्ञाचा सतत डोळा असतो. भूल म्हणजे नुसती झोप नव्हे!

म्हणूनच भूलतज्ज्ञापासून काही लपवू नये. विडी, तंबाखू, दारू, दमा, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी भुलीने झालेला त्रास, अगदी हलणारा दातसुद्धा सांगावा, कारण श्वासाची नळी तोंडातून जाते. आपली माणसे डॉक्टर रागावतील म्हणून दारू लपवतात. ही लाज जिवावर बेतू शकते.

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. रुग्ण महिला तपासणीसाठी दिलेल्या भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली होती. न्यायालयाने बजावले की रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची संमती ही तिची संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि दुसरे पर्याय समजावून सांगितल्यावरच संमती खरी ठरते. बेशुद्ध माणसाचेही शरीर त्याचेच असते, हा या निकालाचा अर्थ.

तेव्हा मागणी करा. संमतीपत्र मराठीत द्या. भूलतज्ज्ञाला आमच्याशी बोलू द्या. रुग्ण शुद्धीत असेल तर आधी त्याला विचारा. उपचाराची कागदपत्रे लेखी मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, असे वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. भुलीची नोंदही त्यात मागा.

आणि घरी आल्यावर? महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या योजनेतून ऑपरेशन होऊ शकते. पण कापलेले छातीचे हाड भरून यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ओझे उचलायचे नाही. हमालाने, ऊसतोड मजुराने तेवढे दिवस खायचे काय? धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, रक्त वरचेवर तपासावे लागते. मजुरी बुडते म्हणून तपासणी चुकली, तर वाचलेला माणूसही जाऊ शकतो.

हे काम आपल्या विहारांचे आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, शुश्रूषा केली. जयंतीची वर्गणी काढणारे आपले तरुण रुग्णाबरोबर दवाखान्यात जाऊन कागद वाचून दाखवू शकत नाहीत काय? प्रत्येक विहारात शिकलेली दोन मुले या कामाला उभी राहिली, तर न वाचता उमटणारा अंगठा थांबेल. बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले ते याचसाठी.