राजीनाम्यानंतरची कदर

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. शिरखुर्मा खाता खाता म्हणाला, "सर, राजीनामा दिला."

पगार चांगला होता. मग कारण काय?

"काम नीट करतो म्हणून तीन वर्षं तेच काम. दुसऱ्यांचं राहिलेलंही माझ्याकडेच. नवीन काही मागितलं की साहेब म्हणायचे, तुझ्याशिवाय हे चालणार नाही. राजीनामा दिल्यावर लगेच पगारवाढ देऊ केली. सर, हे आधी का नाही सुचलं?"

हे दुखणं जुनं आहे. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ चं नोबेल मिळालेले विल्यम शॉक्ली यांनी कॅलिफोर्नियात आपली प्रयोगशाळा काढली आणि अत्यंत हुशार तरुण निवडून आणले. निवडण्यात ते चुकले नाहीत, सांभाळण्यात चुकले. सहकाऱ्यांवर इतका संशय, की खोटं पकडण्याच्या यंत्रापर्यंत गोष्ट गेली. १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. पुढे तिथेही रॉबर्ट नॉइस यांना सर्वोच्च पदासाठी डावललं गेलं. १९६८ मध्ये ते आणि गॉर्डन मूर बाहेर पडले, त्यातून इंटेल जन्माला आली.

आपल्याकडे अनेक कंपन्यांचा उपाय म्हणजे बाँड आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. त्यानं माणूस खुर्चीवर अडकतो, मन कधीच बाहेर पडलेलं असतं.

हुशार माणूस कायमचा थांबेल, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. घरच्या अडचणी असतात, परदेशाची ओढ असते. पण अपमानानं किंवा कंटाळ्यानं जाणाऱ्याला थांबवता येतं. जाताना विचारपूस करण्यापेक्षा असतानाच विचारावं, "तुला पुढे काय शिकायचंय?" त्याच्या कामाचं श्रेय त्याच्याच नावानं द्यावं. आणि बढती म्हणजे मॅनेजरच, हा हट्ट सोडावा. आयबीएममध्ये 'फेलो' हे मोठ्या मानाचं तांत्रिक पद आहे. सगळीकडे अशी वाट असायला हवी, नाहीतर चांगला प्रोग्रॅमर जातो आणि वाईट मॅनेजर मिळतो.

'कदर' हा शब्द उर्दूत आहे, मराठीतही आहे. दोन्हीकडे ती वेळेवरच करायची असते.

हे सगळं त्याला ऐकवताना मला आठवलं, आठवीत हाच मुलगा माझ्या वर्गाचा मॉनिटर होता. त्याचा धडा सगळ्यांआधी संपायचा. मग मी त्याला वह्या गोळा करायला, मागे राहिलेल्या मुलांना शिकवायला लावायचो. पुढचं पुस्तक त्याच्या हातात द्यावं, हे मला वर्षभर सुचलं नाही. उलट मी कौतुकानं म्हणायचो, "तुझ्याशिवाय माझा वर्ग चालणार नाही."

त्याच्या साहेबांचं वाक्य मला ओळखीचं का वाटलं, ते तेव्हा कळलं. सोमवारी वर्गात गेल्यावर आधी पाहिलं, आज कुणाचा धडा लवकर संपलाय.