माळ राखणाऱ्याचा खंड

सोलापूरजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तेव्हा त्याच्या सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांच्या सीमेत शासकीय कुरणांबरोबर रयतेच्या खाजगी जमिनीही आल्या. आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर येईपर्यंत संरक्षण म्हणजे जमिनीच्या व्यवहारांस आडकाठी, एवढाच अर्थ शेतकऱ्याच्या वाट्यास आला. काळविटांनी कोवळी ज्वारी रात्रीतून खुडली, तर अर्ज व पंचनामा होऊन भरपाई तरी मिळते. परंतु ज्याने आपला माळ नांगराविना राखला, कुसळीचे गवत उभे ठेवले, आणि उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या माळढोकास आसरा दिला, त्याच्यासाठी सरकारी दप्तरात कोणती तजवीज आहे?

हा मला उघड अन्याय वाटतो. अमेरिकेत १९८५ च्या कायद्यान्वये, जमीन दहा-पंधरा वर्षे गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्यास सरकार दरवर्षी खंड देते. आपणही स्वेच्छेने पुढे येणाऱ्या कब्जेदाराशी मुदतबंद करार करावा, कोरडवाहू ज्वारीच्या उत्पन्नास साजेसा खंड द्यावा, आणि विणीचा हंगाम सरल्यावर गवत कापण्याचा हक्क त्याच्याकडेच ठेवावा. माळढोक आता क्वचितच दिसत असला, तरी लांडगा, खोकड आणि धाविक याच माळावर जगतात. म्हणून पहिले करार नान्नज-मार्डीच्या शिवारातच व्हावेत.