डागोरलाडचें मैदान

विद्यार्थ्यांच्या हातीं अद्भुतकथांचीं पुस्तकें दिसलीं कीं कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. राक्षस आणि बुटके ह्यांच्या गोष्टी वाचून परीक्षेंत गुण मिळतात काय, असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. गुण मिळत नाहींत, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों. परंतु अशाच एका गोष्टींतील एका उजाड मैदानानें आम्हांस जें शिकविलें, तें आमच्या इतिहासाच्या तासालाही फारसें शिकविलें जात नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑक्सफर्ड येथील प्रोफेसर टोल्किन ह्यांचा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा ग्रंथ १९५४-५५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांतील कल्पित जगांत मॉर्डोर नामक दुष्ट राज्याच्या वेशीपुढें डागोरलाड, म्हणजे रणमैदान, पसरलेलें आहे. तेथें पूर्वीं एल्फ आणि मानव ह्यांच्या राजांनीं एकजूट करून सॉरॉन ह्या जुलमी सत्ताधीशाच्या सैन्याशीं घनघोर संग्राम केला व जय मिळविला. पुढें सात वर्षें त्याच्या दुर्गास वेढा पडला. अखेर सॉरॉनचा पाडाव झाला, पण दोन्ही राजे धारातीर्थीं पडले. शिवाय, ज्या अंगठीवर ती जुलमी सत्ता उभी होती, ती नष्ट न करितां एका राजपुत्रानें मोहानें स्वतःजवळ ठेविली. आणि इतक्या रक्तानें विकत घेतलेला जय कच्चाच राहिला.

ह्या गोष्टीस तीन हजार वर्षें लोटल्यावर फ्रोडो आणि सॅम हे दोन साधे प्रवासी, गॉलम ह्या वाटाड्यासह, त्या बाजूनें जातात. मधल्या काळांत शेजारच्या दलदलीनें पसरत येऊन रणमैदानावरील थडगीं गिळून टाकिलेलीं असतात. रात्रीं काळ्या पाण्यावर मेणबत्त्यांसारखे मंद दिवे हलतात व खालीं मृतांचे चेहरे दिसतात. एल्फ तेथें आहेत, मानव आहेत, आणि शत्रूकडील ऑर्कही आहेत. हात लावूं जावें तर हातीं कांहीं लागत नाहीं. जय कोणाचा झाला होता, हें त्या पाण्याकडे पाहून कोणासही सांगतां यावयाचें नाहीं.

हें चित्र निव्वळ कल्पनेचें नव्हे. १९१६ सालीं फ्रान्समध्यें सोमच्या लढाईंत टोल्किन हे संदेश पोंचविणाऱ्या तुकडीचे अधिकारी होते. १ जुलै ह्या पहिल्याच दिवशीं ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक शिपाई ठार झाले. त्यांत रॉबर्ट गिल्सन हा त्यांचा शाळासोबती होता. जेफ्री स्मिथ हा दुसरा सोबती त्याच वर्षीं डिसेंबरांत जखमांनीं दगावला. बर्मिंगहॅमच्या शाळेंतील चौघा जिवलगांपैकीं दोघेच उरले. गोष्टींतील ती दलदल आणि तिच्यापुढील ओसाड मुलूख हीं सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचीं कांहीं अंशीं ऋणी आहेत, असें टोल्किन ह्यांनीं १९६० सालच्या एका पत्रांत स्वतः मान्य केलें. तेथें थीपवाल येथील स्मारकावर, ज्यांचें थडगें ठाऊक नाहीं अशा ७२,००० हून अधिक सैनिकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. फ्रान्समध्येंच न्यव्ह शापेल येथें अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. आणि सोमच्या शेतांत नांगराच्या फाळास न फुटलेले तोफगोळे आजही लागतात.

आतां आमच्या मुलांच्या मोबाइलवरील युद्धाचे खेळ पाहा. गोळी लागलेला गडी क्षणभर पडून राहतो व मग पडद्यावरून नाहींसा होतो. भूमि पुन्हा स्वच्छ. कोणास पुरावें लागत नाहीं, कोणाच्या आईस पत्र जात नाहीं. पालकांनीं आठ्या घालावयाच्याच, तर त्या येथें घालाव्या. आम्ही शिक्षकही निर्दोष नाहीं. लढाईचें साल, कारणें व परिणाम पाठ करवून घेतले कीं आम्ही पान उलटतों.

सर्व युद्धें सारखींच पापमय, असें आमचें म्हणणें नाहीं. सॉरॉनास अडविणें भागच होतें. परंतु न्याय्य युद्धाचीही किंमत भूमीवर लिहिलेली राहते. एकट्या हाबेलाचें रक्त भूमींतून देवाकडे ओरडत होतें, असें पवित्र शास्त्रांत आहे. मग हजारोंच्या रक्ताचें काय?

त्या गोष्टींत पुढें सॅमपुढें शत्रुपक्षाचा एक शिपाई मरून पडतो. ह्याचें नांव काय असेल, हा मनानें दुष्ट होता कीं कोणाच्या थापांनीं अथवा धाकानें घर सोडून आला, असा विचार त्या साध्या माळ्याच्या मनांत येतो. लढाईच्या गोष्टी वाचून मनांत हा प्रश्न उठत असेल, तर तें वाचन वायां गेलें नाहीं, असें आम्ही समजतों.

विद्यार्थीमित्रांनो, पुढच्या खेपेस लढाईचा धडा वाचाल, तेव्हां जय कोणाचा झाला एवढेंच लिहून थांबूं नका. त्या शेतांत पुन्हा पीक केव्हां उभें राहिलें, हेंही आम्हांस विचारा. उत्तर आम्हांस ठाऊक नसेल, तर आपण मिळून शोधूं.